गोळा नाकापर्यंतच येतो

सोमवार, ३

काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बबडीमुळे नाही, ती बिचारी दूध पिऊन गाढ झोपली होती. हे पुढच्या खोलीत टॅबशी बोलत बसले होते, पार उजाडेपर्यंत. मध्येच हसत होते. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते आणि मला एवढंच कळेना, की हा अभ्यास आहे का दुसरंच काही. त्याचीच भीती वाटली. माझी शाळा सातवीपर्यंत. ह्यांचं सगळं ठीक असतं तेव्हाही ह्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरूनच जातं. मग बिघडलं तर मला कळणार कसं?

हे मी ह्यांच्याच ॲपमध्ये लिहितेय. हे विद्यापीठात फिजिक्स शिकवतात. पहिल्या वर्षाची पोरं त्या विषयात ढिगाने नापास होतात, म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे ह्यांच्या विभागाच्या प्रमुखांनी, ह्यांना मुलांसाठी ॲप करायला सांगितलं. त्यात हलती चित्रं आहेत. बोटाने ओढलं की चेंडू उडतो, झोका हलतो, बाण लांब होतात. आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी चौकट आहे. वर लिहिलंय, ‘आज काय समजलं नाही?’ मुलांनी रोज तिथे लिहायचं.

सकाळी चहाच्या वेळी ह्यांनी जुना टॅब माझ्यासमोर ठेवला.

"तू पण लिहीत जा."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"म्हणूनच तर. तुला वापरता आलं, तर जगात कुणालाही येईल."

"म्हणजे जगात सगळ्यात ढ मीच का?"

"सगळ्यात खरी तू," म्हणाले. असं काही बोलले की मला पुढे भांडता येत नाही. "मनात येईल ते लिही. कोणी वाचत नाही. मशीन फक्त बघतं माणूस कुठे अडकतो."

म्हटलं बरं. बोलायला तरी कुणी मिळालं.

लिहून झाल्यावर खाली आपोआप उमटलं, ‘छान! न समजलेलं लिहून काढलंत, म्हणजे अर्धं समजलं.’ तोंड बघा त्याचं.

मंगळवार, ४

आज चष्मिष आली होती. ह्यांच्या हाताखाली शिकते, मोठा गोल चष्मा, म्हणून आमच्या घरात तिचं नाव चष्मिष. तिला चालतं ते. बबडी तिचा चष्मा ओढते, तेही चालतं.

हे अंघोळीला गेल्यावर मी तिला हळूच विचारलं. "एक सांग, पडणाऱ्या माणसाला वजन नसतं, हे खरं?"

"हो ताई. पडत असेपर्यंत जाणवत नाही."

"आणि वरच्या मजल्यावर घड्याळ जोरात चालतं?"

"कणभरच. पण हो, खरं आहे."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हे दोन दिवस हेच बोलतायत, मला वाटलं डोकं फिरलं. ती हसत सुटली. म्हणाली, "ताई, फिजिक्स शिकणाऱ्या सगळ्यांच्या घरी असंच वाटतं."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मला ऐकून वेडं वाटलं, तरी ते वेडं नसतं. खोट माझ्याकडे.

तिने मला ॲपमधला हाताचा पंजा दाखवला. ‘हात वर करा’ असं बटण आहे. ते दाबलं की आपलं लिहिलेलं मार्गदर्शकाकडे जातं, आणि मार्गदर्शक उत्तर देतो. "मार्गदर्शक म्हणजे मीच," म्हणाली. "रात्री दोन दोनशे पोरं हात वर करून बसतात. मला स्वप्नात पण पंजे दिसतात."

तिला केळं दिलं, अर्धं बबडीने पळवलं.

गुरुवार, ६

हे चार घास खातात आणि उठतात. झोपत नाहीतच. मी म्हटलं, अहो, माणसाने झोपावं. म्हणाले, "झोप म्हणजे घर्षण. घर्षण काढून टाकलं की वस्तू थांबत नाही, चालतच राहते. पहिला नियम."

सकाळी ताकदीची गोळी घ्यायचे, लग्न झाल्यापासून बघतेय, पांढरी. तीही बंद केलीय. आता ताकद आहे म्हणाले. ते दिसतंयच.

चष्मिषला घरी पाठवून दिलं. "तिचा वेग कमी पडतो. शंका आता मीच बघतो, सगळ्यांच्या." म्हटलं बरं झालं, पोरीला जरा विश्रांती.

झोपेचं तेवढं तिला विचारायचं राहिलं.

रविवार, ९

घाईने लिहितेय, म्हणून अक्षरं चुकतायत. चुकू देत.

आज हे मला आणि बबडीला विद्यापीठात घेऊन गेले. सुट्टीचा दिवस, सगळं सामसूम. मला बरं वाटलं होतं, किती दिवसांनी तिघं बाहेर पडलो. ह्यांच्या विभागाच्या इमारतीखालच्या कँटीनमध्ये मी लग्नाआधी कप विसळायचे. तिथेच ह्यांनी मला बघितलं. चहा थंड करायचे आणि दुसरा मागायला यायचे. माझा फ्रिजदुरुस्तीवाला भाऊ, दादा, म्हणाला होता, "एवढा शिकलेला माणूस, तुझ्यात काय बघितलं त्याने?" मी म्हटलं होतं, फ्रिज दुरुस्त करताना तू काय बघतोस, थंड होतोय का तेच ना. ह्यांना माझ्याजवळ थंड वाटतं. लग्नात तोच दादा सगळ्यात जास्त रडला.

तर मोठी वर्गखोली आहे, पायऱ्या पायऱ्यांची. तिथे छतापासून तारेने एक लोखंडी गोळा टांगलाय, कलिंगडाएवढा. हे भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. गोळा ओढून नाकाला लावला आणि सोडून दिला. ढकलला नाही, नुसता सोडला. तो पार समोरच्या बाजूला गेला आणि तिथून परत निघाला, सरळ ह्यांच्या तोंडावर. मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा गोळा नाकाच्या जरासा अलीकडे थांबून परत चाललेला. हे हलले नव्हते.

"बघितलंस? जिथून सोडला त्याच्या पुढे तो येऊच शकत नाही. तेवढी शक्ती आणणार कुठून?"

मी म्हटलं, माझी शक्ती गेली, चला आता घरी.

"मुलं टाळ्या वाजवतात. पण त्यांना नियम दिसत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतात, मी घाबरतो का ते बघायला. भीती दिसली की नियम दिसत नाही. मला असा चेहरा पाहिजे ज्याला भीती ठाऊकच नाही."

आणि बबडीकडे बघितलं. बबडी माझ्या कडेवर होती, गोळ्याकडे बोट करून ‘बा, बा’ करत होती.

मी म्हटलं, चेष्टा पुरे.

"चेष्टा नाही गं. पुढच्या रविवारी. तिची खुर्ची इथे ठेवायची, गोळा तिच्या कपाळाशी. सगळ्या मुलांना ॲपवर थेट दिसेल. एकही पोर जन्मभर विसरणार नाही."

"तिला लागेल."

"कसं लागेल? तू आत्ता बघितलंस ना? मला लागलं?"

लागलं नव्हतं. बघितलं तर होतंच.

ॲपने विचारलं, ‘तुम्ही काय गृहीत धरलं आहे? पुन्हा विचार करा.’

सोमवार, १०

मोठ्या सरांकडे गेले. बबडीला कडेवर घेऊन. त्यांच्या खोलीत गार हवा आणि भिंतीवर ॲपचं चित्र लावलेलं. फार आदबीने बसवलं, चहा सांगितला.

"वहिनी, तुमच्या साहेबांनी कमाल केलीय. पोरं पहाटे शंका विचारतात आणि पहाटे उत्तर मिळतं."

मी म्हटलं, सर, ते गोळ्याचं काहीतरी करतायत. बबडीला बसवणार म्हणतात.

ते हसले. "अहो, तो प्रयोग मीसुद्धा करायचो. कुणाच्या नाकाला खरचटलं नाही आजवर."

"पण बबडीला..."

"बाहुली हो, बाहुली. मला त्यांनी सांगितलंय. खुर्चीत बाहुली बसवणार आहेत." मग माझ्याकडे नीट बघितलं. "वहिनी, तुमची झोप होते का? साहेब सांगत होते, तुम्ही रात्र रात्र जाग्या असता."

"मी नाही, सर. ते जागे असतात."

"हो," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही असं म्हणाल, तेही त्यांनी सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण. माझ्या बायकोचंही असंच झालं होतं. जाईल सगळं."

आणि खरंच मी झोपलेली नव्हते. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, ब्लाउजला दुधाचा डाग. मी कुणाला सांगू की शहाणी मी आहे म्हणून? माझं मलाच धड वाटेना. परतताना वाटभर विचार केला, बाहुलीच म्हणाले असतील का? मीच उलटंसुलटं ऐकलं का?

घरी येऊन ह्यांना विचारलं. "बाहुली ना हो?"

"त्यांना बाहुली सांगितलंय," म्हणाले. "त्यांना भीती वाटते."

बुधवार, १२

काल दिवसभर काही केलं नाही. नुसती बबडीला घेऊन बसले.

आज एक करून बघितलं. माझ्या जुन्या ओढणीचा घट्ट बोळा केला, दोरीने दाराच्या चौकटीला टांगला. बबडीला खाली उशीला टेकवून बसवलं. ती आत्ता कुठे एकटी बसायला लागलीय, ढोलकीसारखी डुलते. बोळा तिच्या कपाळाला लावला आणि सोडला. ढकलला नाही, हे सोडतात तसाच नुसता सोडला.

बोळा गेला. बबडीने हात पसरले आणि त्याच्यामागे पुढे झुकली. तो परत आला आणि फाडकन तिच्या नाकावर बसला. ती खदखदून हसली. तिला वाटलं मी खेळतेय.

परत केलं. परत झुकली. दर वेळी झुकते. समोरून काही येतंय म्हटलं की ती त्याला घ्यायला जाते. कुणी आलं तरी तशीच जाते.

गोळा जिथून सोडला तिथवरच येत असेल, माझं काही म्हणणं नाही. पण पोर जिथे होती तिथे राहत नाही.

हे सगळं वर आहे तसं लिहिलं, आणि पहिल्यांदाच तो पंजा दाबला. चष्मिष आली असेल आता परत. तिच्या नाकावरून बबडीने किती वेळा चष्मा ओढलाय, तिला एका वाचण्यात कळेल. ती त्यांना त्यांच्या भाषेत सांगेल.

‘तुमची शंका मार्गदर्शकाकडे पोचली आहे.’ आज मी थोडी झोपेन असं वाटतंय.

गुरुवार, १३

मार्गदर्शक हेच आहेत.

सकाळी मी बबडीचे लंगोट वाळत घालत होते. हे टॅब घेऊन आले, तोंड नुसतं फुललेलं. मला वाटलं कुठलं बक्षीस मिळालं. मोठ्याने वाचायला लागले, "‘पण पोर जिथे होती तिथे राहत नाही.’ अगं, तू काय लिहिलंयस तुला कळतंय का? पूर्ण वर्षात एकाही पोराने ही शंका काढली नाही!"

माझ्या हातातला लंगोट खाली पडला. म्हटलं, "तुम्ही वाचता हे?"

"कालपर्यंत वाचत नव्हतो. तू हात वर केलास ना."

मग सगळंच वाचलं असणार. झोपेचं, मोठ्या सरांचं, सगळं. पण त्याबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर मला धीर आला असता. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तू चाचणी केलीस. स्वतः केलीस. मला फार अभिमान वाटतो तुझा."

"मग आता नाही ना करणार?"

"आता तर करायलाच पाहिजे. तू चूक दाखवलीस, ती दुरुस्त करायची. पट्टा लावू. कपाळाला एक, छातीला एक. मग झुकणार कशी?"

मी म्हणजे त्यांना मदतच केली.

दुपारी सासूबाईंना फोन लावला. न्हाणीघरात, नळ सोडून. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मी सहज म्हटलं, ताकदीची गोळीपण घेत नाहीत.

"कुठली? सकाळची?"

"हो. पांढरी."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"ॲप सुरू झालं तेव्हापासून बहुतेक. का हो आई?"

"काही नाही. लग्नाआधी एकदा असं झालं होतं. अभ्यास जास्त झाला होता त्याचा. मग महिनाभर उठलाच नाही गादीवरून, मग झाला बरा." मग म्हणाल्या, "तुला सांगायला पाहिजे होतं आम्ही. दुधात घालून दे गोळी. आणि हे बघ, बाहेर कुणाला बोलू नकोस. नोकरीवर येईल त्याच्या."

"आई, रविवारी बबडीला..."

"तो बाप आहे तिचा. पोटच्या पोरीला कोणी काही करतं का? मी बघते रविवारनंतर यायला जमतं का."

बाहेर आले तर हे दाराशी उभे. हसून म्हणाले, "फोन दे जरा. दुसऱ्या बाजूने चित्र घ्यायला एक कॅमेरा कमी पडतोय." आणि घेऊन गेले, विभागात ठेवला.

गोळ्यांची बाटली शोधली. रिकामी आहे. त्यात बबडीच्या खेळण्यातले दोन मणी होते.

शुक्रवार, १४

हे अंघोळीला गेले तशी बबडीला उचललं आणि निघाले. पिशवीत दोन लंगोट, दुधाची बाटली. बस पकडून दादाकडे जायचं, मग पुढचं पुढे.

वसाहतीच्या गेटवरच्या वॉचमन मामांनी अडवलं. म्हणजे अडवलं असंही नाही. स्वतःचं स्टूल पुसून मला बसायला दिलं, पाणी दिलं.

"पोरी, सरांनी सांगून ठेवलंय. तुझी तब्येत बरी नाही, बाळाला घेऊन एकटी बाहेर जायला निघालीस तर कळवा म्हणून."

"मामा, मी बरी आहे."

"असशीलच. पण काळजीने सांगितलंय गं त्यांनी. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"तुमचा फोन द्या, एकच फोन करते."

"सरांना विचारून देतो. माझी नोकरी आहे, पोरी."

त्यांनी आतल्या फोनवरून ह्यांना कळवलं. हे तसेच आले, अनवाणी, केसांतून पाणी गळतंय, मामांना पाठीवर थाप मारली आणि माझ्या हातातून बबडीला घेतलं. मी सोडली. ओढाओढी केली असती तर तिला लागलं असतं.

तेव्हापासून तिला ओढणीने छातीशी बांधून फिरतायत. खाताना, लिहिताना, टॅबशी बोलताना. दूध पाजायपुरती माझ्याकडे देतात आणि समोर बसून राहतात. तिचं डोकं पट्टीने मोजतात, पट्ट्याला छिद्रं पाडतात. तिला गाणी म्हणतात, फार गोड म्हणतात. मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. ओरडले असते तर निदान शेजारच्यांनी दार तरी उघडलं असतं.

पोरीला सोडून मी बाहेर जाणार नाही, आणि पोरीला ते सोडत नाहीत. एवढ्यात मी सापडलेय.

शनिवार, १५

चौकटीखाली दुसरंही एक बटण आहे, ‘फळ्यावर लावा’. ते दाबलं की आपलं लिहिलेलं सगळ्या मुलांना दिसतं. मला आधी ठाऊक नव्हतं. सकाळी हे फळ्यावर उद्याची वेळ लावत होते तेव्हा बघितलं.

बुधवारचं लिहिलेलं फळ्यावर लावलं. वर एवढंच लिहिलं, ‘उद्या खुर्चीत बाहुली नाही. माझी मुलगी आहे. ती पुढे झुकते. कोणीतरी थांबवा.’

लगेच उत्तरं यायला लागली. एकेक अक्षर लावून वाचलं.

एकाने लिहिलं, ‘भारी प्रश्न. बाळ किती पुढे झुकतं ते दिलेलं नाही. एक वीत धरू का?’

दुसऱ्याने लिहिलं, ‘गोळ्याचं वजन सरांनी वर्गात सांगितलंय, ते घ्या. तारेची लांबी पण लागेल.’

एका मुलीने लिहिलं, ‘हे खरं वाटतंय रे, जरा विचित्र आहे.’ तिला कुणीतरी उत्तर दिलं, ‘नाव बघ ना. चाचणी विद्यार्थिनी. सरांचंच खातं आहे ते. गोष्टीतून गणित घालतात.’ मग तिने हसरं तोंड टाकलं.

ह्यांनी मला खातं काढून दिलं तेव्हा तेच नाव घातलं होतं. मला बदलता येत नाही.

मी लिहिलं, ‘मी सरांची बायको आहे.’ तीस पस्तीस हसरी तोंडं आली. ‘सर, आता अति होतंय,’ असं एकाने लिहिलं.

आणि मग उत्तर आलं. एका पोराने पूर्ण गणित सोडवलं. बाणांची आकृती काढली, खुर्ची काढली, खुर्चीत छोटं डोकं काढलं. एक वीत झुकलं तर गोळा किती जोरात लागेल, ते खाली दोन रेघा मारून लिहिलं. मला आकडा कळला नाही. पण त्याच्याखाली कंसात त्याने लिहिलं होतं, ‘बाळ वाचणार नाही.’ त्याला सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं दिली. ह्यांनी पण दिली. वर लिहिलं, ‘उत्तम! म्हणूनच उद्या पट्टा आहे.’

पट्टा मी बघितलाय. ह्यांच्या जुन्या कातडी पट्ट्याचा केलाय. बबडी त्यातून काल डोकं काढून हसत होती. त्यांनाही दिसलं. म्हणाले, उद्यापर्यंत घट्ट करतो.

शनिवार, नंतर

हे पुढच्या खोलीत आहेत, बबडी त्यांच्या छातीवर झोपलीय. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहितेय. पहिल्या सोमवारपासूनचं सगळंच फळ्यावर लावतेय, ह्यांच्या लक्षात येईपर्यंत राहील तेवढं राहील. मोठे सर, तुम्ही वाचलंत तर वाईट वाटून घेऊ नका. सासूबाई, तुम्हीही. झाकायला आता माझ्याकडे काही उरलं नाही.

जे कोणी वाचत असाल त्यांना सांगते. हे गणित नाही. कृपा करून सोडवू नका. मला समजावूही नका, गोळा कुठवर येतो ते मला समजलंय. हे वाईट नाहीत, आजारी आहेत असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही आणि तुमच्यासारखी शिकलेली नाही, म्हणून पटवून देता येत नाही. तुम्हाला खरं वाटत नसलं तरी चालेल. खोटं समजून करा, चेष्टा समजून करा, पण एक फोन करा.

माझ्या भावाला करा. तो फ्रिज दुरुस्त करतो, त्याला फिजिक्स येत नाही, म्हणून तो वाद घालणार नाही. गाडी त्याची आहे, आज निघाला तर उद्या उजाडायच्या आत इथे येईल. नंबर लिहिला तर ॲप फुल्या करून टाकतं, खाजगी माहिती म्हणतं. म्हणून बाणांच्या आकृतीच्या जागेवर बोटाने काढलाय, वेडावाकडा आहे, पण नीट बघितलात तर लागेल. त्याला एवढंच सांगा, तुझ्या बहिणीने बोलावलंय. का ते तो विचारणार नाही. त्याला आत्ता फोन करा.